थेरपिस्टचा परिचय कसा वाचावा

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावर, घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांच्या गाळ्यांत आणि वाशी-नेरूळच्या सेक्टरांमध्ये आता समुपदेशनाच्या पाट्या सहज नजरेस पडतात. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी थेरपिस्टचा एक छोटा परिचय वाचायला मिळतो. शिक्षण अमुक, अनुभव इतक्या वर्षांचा, पद्धत 'व्यक्तिकेंद्रित' आणि 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' (म्हणजे मानसिक आघाताचे भान ठेवणारी), अधूनमधून 'मी स्वतः या वेदनेतून गेले आहे' अशी एखादी ओळ, आणि शेवटी 'येथे तुमच्याबद्दल कोणतेही मत बनवले जाणार नाही' असे आश्वासन. ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या घरात रोज भांडण आहे किंवा ज्याच्या मनातून एखादा अपघात जात नाही, त्याने एवढ्या ओळींवरून आपले मन कोणापुढे उघडायचे हे ठरवायचे असते. या ओळींचा अर्थ काय आणि त्यांतल्या कोणत्या ओळीवर किती भार द्यावा, हे सांगण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे. माझे मत आधीच नोंदवतो. पदवी ही किमान अट आहे. थेरपिस्टची स्वतःची वेदना ही पात्रता नाही. पद्धतीचे नाव काहीही असले, तरी तिचा कस पहिल्या तीन-चार भेटींत लागतो.

पदव्यांपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त असतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. एमबीबीएस झाल्यावर त्यांनी मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले असते आणि ते औषधे देतात. त्यांच्यापैकी काही जण थेरपीही करतात, परंतु गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ क्वचितच मिळतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर नसतात व औषध लिहून देत नाहीत. मात्र मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यांनी रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करत विशेष प्रशिक्षण घेतलेले असते. बरीच वर्षे हे प्रशिक्षण दोन वर्षांच्या एम.फिल.च्या रूपात होते, आता त्याची जागा हळूहळू नवे अभ्यासक्रम घेत आहेत. या मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही. ज्यांच्याकडे तो असतो, ते बहुधा न विचारताच सांगतात.

समुपदेशकांची गोष्ट वेगळी आहे. मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एम.ए. केलेल्या, शाळा-महाविद्यालयांत, संस्थांत व खासगी दालनांत मनापासून आणि जाणतेपणाने काम करणाऱ्या अनेक व्यक्ती या गटात आहेत. परंतु चार शनिवार-रविवारांचा वर्ग करून 'सर्टिफाइड' झालेल्या व्यक्तीही त्याच नावाची पाटी लावू शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांची जी व्याख्या केली, तीत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते आहेत, पण सर्वसाधारण समुपदेशक नाहीत. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांच्या आणखी काही गटांना नोंदणीच्या कक्षेत आणले आहे, मात्र त्याची यंत्रणा अजून उभी राहत आहे. तोवर समुपदेशकाचे शिक्षण कोणत्या विद्यापीठातले, किती काळाचे आणि त्यात प्रत्यक्ष माणसांसोबत देखरेखीखाली किती काम झाले, हे विचारण्याची जबाबदारी दुर्दैवाने मदत मागणाऱ्यावरच येते. नावापुढच्या 'डॉ.' या अक्षरावरून निष्कर्ष काढू नये, एवढे जाता जाता सांगतो. ते एमडीचे असू शकते, पीएच.डी.चे असू शकते आणि मनाशी संबंध नसलेल्या एखाद्या विषयातलेही असू शकते.

ठाण्याला या क्षेत्राची ओळख नवी नाही. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि पिढ्यान् पिढ्या मुंबई परिसरातल्या लोकांनी 'ठाण्याला पाठवायला हवे' हे वाक्य टोमणा म्हणून वापरले आहे. त्याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली, तेव्हा भर आजारावर नव्हे, तर मनाच्या आरोग्यावर होता. ज्या गावाचे नाव वेडेपणाशी जोडून हिणवले गेले, तिथेच मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे उघडपणे समुपदेशकाकडे जायला शिकली. तरीही सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणी विचारले, तर 'डोळ्यांच्या डॉक्टरांकडे' असे उत्तर देणारे कमी झालेले नाहीत.

अनुभवाची वर्षे

परिचयातली दुसरी ओळ असते अनुभवाची. पंधरा वर्षांचा अनुभव म्हणजे पाच वर्षांपेक्षा तिप्पट चांगली थेरपी, असा आपला स्वाभाविक समज असतो. पुरावा त्याला फारशी साथ देत नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात दीडशेहून अधिक थेरपिस्टचे काम अनेक वर्षे तपासले गेले व त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वर्षे वाढली म्हणून त्यांच्या क्लायंटना मिळणारा फायदा सरासरीने वाढलेला दिसला नाही, उलट किंचित घटलेला दिसला. काही थेरपिस्ट मात्र सुधारत गेले. वर्षे सर्वांचीच सरतात, पण आपण कुठे चुकतो हे कळण्याची सोय सर्वांकडे नसते, हे याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे.

ती सोय म्हणजे सुपरव्हिजन. थेरपिस्ट ठरावीक काळाने आपल्यापेक्षा जाणत्या थेरपिस्टसमोर बसतात, क्लायंटची ओळख उघड न करता त्यांच्या केसची चर्चा करतात, आणि आपण कोणत्या वळणावर घाई केली, कोणत्या माणसाचा आपल्याला राग आला, कोणाला वाचवण्याच्या भरात आपण त्याला परावलंबी करत आहोत, हे ऐकून घेतात. सर्जन चुकला तर क्ष-किरण चित्रात दिसते. बंद दाराआड बोलणारा थेरपिस्ट चुकला, तर पाहणारे तिसरे कोणी नसते. म्हणून 'तुम्ही सुपरव्हिजन घेता का' हा प्रश्न मला 'किती वर्षे झाली' या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. 'मला आता गरज नाही' असे उत्तर वीस वर्षांच्या अनुभवानंतर मिळाले, तर सावध व्हावे.

'मी स्वतः यातून गेले आहे'

या ओळीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ज्याने दुःख भोगले, त्यालाच आपले दुःख कळेल असे आपल्याला वाटते. मानसोपचाराच्या इतिहासात अशी माणसे आहेतही, आणि त्यांच्यापैकी दोघांकडे नीट पाहिले तर या ओळीचे योग्य मोल कळते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे तरुणपणी कमालीचे लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील वनस्पती उद्यानात जाऊन स्वतःलाच एक काम नेमून दिले: बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली, की तिच्या शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात त्यांनी सुमारे शंभर जणींशी संवाद साधला, असे ते पुढे सांगत. भेटायचे कबूल केले फक्त एकीने, आणि तीही आली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. आता यातला महत्त्वाचा भाग असा, की एलिस या अनुभवाच्या बळावर लगेच इतरांना सल्ले देत सुटले नाहीत. त्यांनी मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले, मनोविश्लेषण शिकून अनेक वर्षे वापरले, ते अपुरे वाटल्यावर १९५५च्या सुमारास विवेकावर आधारलेली स्वतःची पद्धत मांडली. महाराष्ट्राला ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती विशेष जवळची आहे. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली व मराठीत रुजवली.

दुसरे नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांचे. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, भावनांच्या लाटांवर हेलकावे खाणाऱ्या व्यक्तींसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी विकसित केली आणि १९९१ मध्ये तिच्या शास्त्रशुद्ध चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पौगंडावस्थेत आपण स्वतःच अशाच त्रासासाठी रुग्णालयात दीर्घकाळ दाखल होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०११ मध्ये, म्हणजे चाचणीनंतर दोन दशकांनी. त्यांच्या वेदनेने त्यांना प्रश्न दिला. उत्तर खरे आहे की नाही, हे इतर रुग्णांवर तपासूनच त्यांनी ठरवले.

थेरपिस्टच्या आत्मकथनाकडे याच नजरेने पाहावे. घटस्फोटातून गेलेल्या थेरपिस्टला घटस्फोटाची धग माहीत असते, पण तुमचा घटस्फोट हा तिचा घटस्फोट नसतो. तिची जखम अजून ओली असेल, तर तुमच्या नवऱ्याच्या जागी तिला स्वतःचा नवरा दिसू लागण्याचा धोका असतो. तुमच्या तासातला बराच वेळ थेरपिस्टच्या आयुष्यात जात असेल, किंवा तिला वाईट वाटेल म्हणून तुम्हीच काही सांगणे टाळत असाल, तर पैसे कोण कोणाला देत आहे, असा प्रश्न पडायला हवा. एखादा अनुभव नेमक्या क्षणी, क्लायंटच्या उपयोगासाठी, दोन वाक्यांत सांगणे वेगळे.

एक तक्रार, अनेक वाटा

आता परिचयातली सर्वांत अवघड ओळ, पद्धतीची. ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कळव्याला राहणाऱ्या आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या एका चौतीस वर्षांच्या बाईंनी सकाळच्या गर्दीत धावत्या लोकलच्या दारातून एक मुलगी पडताना पाहिली. त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून त्या लोकलमध्ये चढू शकत नाहीत. फलाटावर गाडीचा आवाज आला, की छातीत धडधडते, तळवे घामेजतात. रात्री तेच दृश्य पुन्हा दिसते. 'मी तिच्या शेजारीच होते, मी तिचा हात धरायला हवा होता', हे वाक्य डोक्यात फिरत राहते. घरचे म्हणतात, 'झाले ते झाले, विसरून जा.' नोकरी धोक्यात आली आहे.

आधी एक खुलासा. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, दृश्य आठवणे हे बहुतेकांना होते आणि बऱ्याच जणांत ते आपोआप ओसरते. म्हणूनच आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, निदान लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्याशिवाय करत नाहीत. प्रसंग घडल्या घडल्या प्रत्येकाला बसवून सगळे तपशील वदवून घेतले की मन मोकळे होते, हा समजही चुकीचा ठरला आहे. एका बैठकीत असे वदवून घेण्याने पुढचा त्रास टळत नाही, म्हणून तसे सरसकट करू नये असाच आता सल्ला दिला जातो. आपल्या बाईंना मात्र तीन महिने झाले आहेत. त्यांना मदतीची गरज आहे.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी, करणारे थेरपिस्ट प्रथम त्यांना समजावतील की टाळल्याने भीती टिकते. लोकल टाळली की त्या क्षणी हायसे वाटते, आणि त्या हायशा वाटण्यातूनच मन शिकते की टाळले म्हणून वाचलो. मग दोघे मिळून एक पायऱ्यांची यादी करतील. दुपारच्या निवांत वेळी ठाण्याच्या फलाटावर नुसते बसणे, मग गाड्या जाताना पाहणे, मग धीम्या गाडीने ठाणे ते मुलुंड एवढे एकच स्थानक जाणे, मग कळव्याहून बसणे, आणि पुष्कळ नंतर सकाळची वेळ. प्रत्येक पायरीवर भीती चढते, थांबले तर थोड्या वेळाने उतरते, आणि ती उतरते हा अनुभव स्वतः घेतल्याखेरीज पटत नाही. यासोबतच त्या प्रसंगाची आठवण सुरक्षित वातावरणात क्रमाने, तपशिलाने सांगण्याचे कामही चालते. कोणतीही पायरी क्लायंटच्या संमतीशिवाय चढायची नसते. दारात लटकून प्रवास करण्याची भीती घालवणे हे कोणत्याही थेरपीचे उद्दिष्ट नाही. ती भीती शहाणपणाची आहे.

विवेकनिष्ठ पद्धतीचे थेरपिस्ट 'मी हात धरायला हवा होता' या वाक्यापाशी थांबतील. घटना, तिच्याबद्दलची धारणा आणि धारणेतून येणारी भावना अशी त्यांची मांडणी असते. मुलगी पडली ही घटना. 'मी ते रोखायलाच हवे होते, रोखू शकले नाही म्हणून मी दोषी आहे' ही धारणा. आणि पोखरणारा अपराधभाव हा तिचा परिणाम. थेरपिस्ट विचारतील की त्या दोन सेकंदांत, त्या गर्दीत, हात मोकळा होता का? तुमच्या जागी बहीण असती, तर तिला तुम्ही दोषी ठरवले असते का? हेतू दुःख पुसण्याचा नसतो. मुलीसाठी वाटणारे दुःख उरेल, ते उरायलाच हवे. त्याला चिकटलेली स्वतःला दिलेली शिक्षा सुटी करायची असते.

ईएमडीआर या पद्धतीत, जी फ्रान्सिन शपिरो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडली, बाई ते दृश्य मनात धरतील आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांच्या हालचालीमागे डोळे डावी-उजवीकडे फिरवतील. थांबून काय उमटले ते सांगतील, पुन्हा फिरवतील. डोळ्यांची हालचाल नेमके काय करते, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. परिणाम मात्र चाचण्यांत दिसला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित सीबीटी व ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली.

मनोगतिक पद्धतीचे, म्हणजे आजच्या त्रासामागे नकळत दडलेले जुने अनुभव शोधणारे, थेरपिस्ट आणखी मागे जातील. या मृत्यूने आधीचा कोणता मृत्यू जागा केला? बाईंचे वडील त्या लहान असताना अचानक गेले असतील, तेव्हा आईला सांभाळण्याच्या नादात त्या रडल्याच नसतील, तर आजच्या 'मी वाचवायला हवे होते' या वाक्याचे मूळ तिथे सापडू शकते. ही वाट लांबची आहे. नोकरी जाण्याच्या बेतात असलेल्या माणसाला ती पहिली वाट म्हणून मी सुचवणार नाही, पण लोकलची भीती गेल्यावरही तेच जुने ओझे वेगवेगळ्या रूपांत परत येत असेल, तर हिचा विचार जरूर करावा.

आणि 'व्यक्तिकेंद्रित' म्हणजे काय? ही परंपरा कार्ल रॉजर्स यांची. १९५७ मध्ये त्यांनी मांडले की थेरपिस्टचा खरेपणा, समोरच्याचा अटीविना स्वीकार आणि त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे, एवढ्या गोष्टी क्लायंटपर्यंत पोहोचल्या की बदल घडतो. केवळ तेवढ्याने प्रत्येक त्रास बरा होतो, हा त्यांचा दावा आज कोणी जसाच्या तसा स्वीकारत नाही. पण त्यावाचून इतर कोणतीही पद्धत नीट चालत नाही, हे जवळपास सर्वांना मान्य आहे.

मग कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न जुना आहे. अनेक तुलनांमध्ये पद्धतींतला फरक अपेक्षेपेक्षा लहान निघाला. त्याउलट क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यातले कामाचे नाते किती जुळले आहे, याचा परिणामाशी संबंध अभ्यासांमागून अभ्यासांत दिसत आला. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्पर विश्वास. यावरून 'पद्धत कोणतीही चालते, माणूस चांगला हवा' असा निष्कर्ष काही जण काढतात. तो सोयीचा आहे आणि अर्धा आहे. आघात, तीव्र चिंता, मंत्रचळ (ओसीडी) यांसारख्या त्रासांत ठरावीक पद्धतींच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. प्रेमळ थेरपिस्टने वर्षभर केवळ ऐकून घेतले आणि बाई अजून लोकलमध्ये चढत नसतील, तर नाते उत्तम आणि उपचार अपुरा, असेच म्हणावे लागेल. परिचयात 'सर्व पद्धतींचा समन्वय' असे लिहिलेले असेल, तर माझ्या त्रासासाठी त्यांतले काय वापरणार व का, हे जरूर विचारावे. समन्वय समजून केलेला असेल, तर उत्तर साध्या मराठीत मिळते.

पहिली भेट

पहिल्या भेटीत बोलण्याआधी थेरपिस्टने काही गोष्टी सांगायला हव्यात. भेट किती वेळाची, साधारण पंचेचाळीस मिनिटे ते तासभर, किती अंतराने, बहुधा आठवड्याला, शुल्क किती, न येता आल्यास काय, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोपनीयता कुठपर्यंत. २०१७च्या कायद्यातील कलम २३ माहिती गुप्त राखण्याचा हक्क देते. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाचा आदेश असेल तर. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक असते. हे अपवाद आधीच सांगणारे थेरपिस्ट तुम्हाला घाबरवत नसतात. नंतर विश्वासघात झाल्यासारखे वाटू नये म्हणून सांगत असतात.

आपल्याकडे गोपनीयतेवर खरा ताण येतो तो न्यायालयाकडून नव्हे, घरातून. 'सून तुमच्याकडे येते ना, काय म्हणते ती?' असा सासूबाईंचा फोन येतो. फीचे पैसे वडील भरतात, म्हणून मुलाने काय सांगितले हे कळण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्यांना वाटते. सुजाण थेरपिस्ट वडिलांचे ऐकून घेतात, त्यांच्या काळजीचा मान राखतात, आणि सज्ञान मुलाच्या संमतीशिवाय काहीही सांगत नाहीत. ठाणे हे अजूनही ओळखीच्या लोकांचे शहर आहे. तलावपाळीवर संध्याकाळी थेरपिस्ट समोरून आल्या आणि ओळख न दाखवता निघून गेल्या, तर तो तुसडेपणा समजू नये. क्लायंटने स्वतः हाक मारल्याशिवाय आपण ओळख द्यायची नाही, असा या व्यवसायातला प्रघात आहे. सोबतच्या माणसाने 'या कोण?' असे विचारले, तर काय सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे तुमच्याकडे राहतो. त्याच कारणाने मैत्रिणीच्या मुलीला, शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला क्लायंट म्हणून घेणे थेरपिस्टने टाळायचे असते, मग गळ कितीही घातली गेली तरी.

भाषेचा प्रश्नही इथेच येतो. ऐरोली-घणसोलीच्या जुन्या गावठाणातली आगरी बोलणारी आजी 'मला नैराश्य आले आहे' असे कधीच म्हणणार नाही; डोके जड झाले आहे, जेवण जात नाही, जिवाची घालमेल होते, असे सांगेल. पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत शिकलेल्या थेरपिस्टला हे दुखणे शरीराचे वाटले, तर सहा महिने तपासण्यांत जातात. उलट, शरीराचे खरे दुखणे मनाचे ठरवले, तर अधिकच वाईट. म्हणून चांगले थेरपिस्ट थायरॉईडसारख्या तपासण्या झाल्या आहेत का, कोणती औषधे चालू आहेत, हे पहिल्याच भेटीत विचारतात. आपण ज्या भाषेत भांडतो आणि रडतो, त्या भाषेत थेरपी मिळत असेल, तर ती निवडावी, असे माझे मत आहे.

सावध होण्याच्या जागा फार नाहीत, पण त्या स्पष्ट आहेत. पाच भेटींत हमखास बरे करण्याची खात्री, मनोविकारतज्ज्ञांना न विचारता औषधे बंद करण्याचा सल्ला, क्लायंटशी पैशाचा व्यवहार किंवा मैत्री, तुमच्या जोडीदाराला न भेटताच त्याच्यावर रोगाचा शिक्का, आणि कोणत्याही स्वरूपाची लैंगिक जवळीक. शेवटच्या बाबतीत 'संमतीने झाले' हा बचाव या व्यवसायाच्या नीतीत मान्य नाही.

बरे होणे कसे दिसते

किती भेटी लागतील, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही, पण अंदाज देता येतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या विश्लेषणात सुमारे निम्म्या लोकांत आठ भेटींपर्यंत, आणि तीन चतुर्थांश लोकांत सव्वीस भेटींपर्यंत सुधारणा दिसली होती. म्हणजे आठ-दहा भेटींनंतरही काहीच हललेले नसेल, तर त्याबद्दल बोलण्याची वेळ आलेली असते. काही थेरपिस्ट यासाठी दर काही भेटींनी छोटी प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठी वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही त्यांतली एक. कागद भरणे यांत्रिक वाटते, हे खरे. पण मनाची उतरती कळा थेरपिस्टच्या नजरेतून सुटते आणि आकड्यात दिसते, असे पुष्कळदा घडते.

मध्येच थेरपिस्टचा राग येणे, त्यांनी आपल्याला समजून घेतले नाही असे वाटणे, हे थेरपी फसल्याचे लक्षण नव्हे. आपल्याकडे अशा वेळी लोक काही न बोलता जाणेच बंद करतात. मोठ्या माणसाला तोंडावर कसे सांगायचे, हा संकोच असतो. तेच जर सांगता आले, आणि थेरपिस्टने स्वतःचा बचाव न करता ऐकले, तर नाते बिनसून पुन्हा जुळते, आणि अनेकांना आयुष्यात प्रथमच नाराजी बोलून दाखवूनही माणूस न तुटल्याचा अनुभव येतो. बोलूनही काही बदलले नाही, तर थेरपिस्ट बदलावा. चांगले थेरपिस्ट स्वतःच दुसरे नाव सुचवतात.

आपल्या कळव्याच्या बाई बऱ्या झाल्या, म्हणजे त्या प्रसंग विसरल्या असे होणार नाही. तो आठवेल, आठवल्यावर वाईटही वाटेल. परंतु आठवण आली म्हणून पाय फलाटावर थिजणार नाहीत. शेवटच्या भेटी सहसा महिन्याच्या अंतराने ठेवतात आणि त्यांत पुढच्या पडझडीची तयारी केली जाते: पावसाळ्यात गाड्या खोळंबल्या, गर्दी वाढली, एखाद्या अपघाताची बातमी आली, तर कोणती लक्षणे आधी दिसतील आणि तेव्हा काय करायचे. ही तयारी न करता थेरपी अचानक थांबवली, तर पहिल्याच धक्क्याला 'सगळे वाया गेले' असे वाटू शकते.

खासगी थेरपीचे शुल्क अनेक घरांना दर आठवड्याला झेपत नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. काही थेरपिस्ट उत्पन्नानुसार शुल्क कमी करतात. फोनवरच विचारावे, त्यात कमीपणा नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग केवळ गंभीर आजारांसाठी असतो, हा गैरसमज आहे. झोप, चिंता, नैराश्य, व्यसन यांसाठीही तिथे दाखवता येते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर थेरपिस्टच्या भेटीची तारीख उजाडण्याची वाट न पाहता याच क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, आणि शक्य असेल तर सोबत कोणाला तरी घेऊन जावे.